दोघांचं खातं

आमचा दादा कर भरायला बसतो त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालतो. एरवी दुकानात बाह्या दुमडलेला, कोपरांवर विरलेला एकच शर्ट वर्षभर अंगावर असतो, पण महिन्याचं विवरणपत्र भरायचं म्हटलं की दाढी गुळगुळीत, केस पाणी लावून बसवलेले आणि कॉलर कडक. मी एकदा म्हटलं, अरे, त्या पोर्टलला तू दिसत नाहीस. तो म्हणाला, मला तर ते दिसतंय ना.

दादा काचवाला आहे. खिडक्यांच्या काचा, कपाटाच्या काचा, आरसे. वडिलांनी त्याला शाळेतून आल्यावर दुकानात उभं करून शिकवलं आणि जाताना आपली हिरकणी त्याच्या हातात देऊन गेले. हिरकणी म्हणजे काच कापायची लेखणी, टोकाला इवलासा हिरा बसवलेला. दादा ती रॉकेलमध्ये बुडवतो, पट्टी धरतो आणि एकच रेघ ओढतो. दुसऱ्यांदा त्याच रेघेवरून गेलेलं मी त्याला कधी पाहिलं नाही. मग टेबलाच्या कडेवर काच ठेवून दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाबतो, आणि काच त्याचं ऐकते. घरात बायको ऐकत नाही, मुलगा ऐकत नाही, मी तर नाहीच नाही. काच ऐकते, म्हणून बहुधा तो घरापेक्षा दुकानात सुखी असतो.

आम्ही तीन भावंडं. दादा थोरला, मी मधली, आणि मग धाकटा. दादा मला अजूनही ‘मधले’ म्हणूनच हाक मारतो, जसं काही मला दुसरं नाव ठेवायचं आईवडील विसरूनच गेले. धाकटा फ्रेमा करतो. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची करवत, सरसाचं भांडं आणि भिंतीला लावून उभ्या केलेल्या लाकडी पट्ट्या. पुढच्या खोलीत दादाचं जुनं ब्लँकेट अंथरलेलं टेबल आणि काचा. दोन खोल्यांमध्ये एक दार आहे, त्याला फळी नाही, नुसती चौकट. आमच्या गल्लीत या दोघांना ‘काच आणि फ्रेम’ म्हणतात, आणि तोंडावरही म्हणतात.

या काच आणि फ्रेममध्ये सात वर्षं अबोला होता.

कारण सांगायची मला लाज वाटते. एका केशकर्तनालयासाठी भिंतभर आरसा केला होता. मोठी काच एका माणसाला उचलत नाही, दोघं लागतात, आणि दोघांची पावलं जुळावी लागतात. दुकानाच्या पायरीवरून उतरताना आरसा सुटला आणि रस्त्यावर त्याचा चुरा झाला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण दादा म्हणाला तू हात सोडलास, आणि धाकटा म्हणाला तू सोडलास. दोन्ही बाजू मी इतक्या वेळा ऐकल्या की आता तो आरसा मी एकटीनं उचलला असता. आठ दिवसांत निवळेल असं मला वाटलं होतं. हे भांडखोर असते तर निवळलंही असतं. पण आमच्याकडचे पुरुष भांडत नाहीत, गप्प बसतात. ओरडणाऱ्या माणसाचा घसा तरी बसतो. गप्प बसणाऱ्याचं काय दुखणार?

बायका एकमेकींकडे जायच्या, मुलं एकमेकांच्या घरी जेवायची, सगळं सुरळीत. फक्त हे दोघं नाही. एखादं गिऱ्हाईक फोटोला फ्रेम करायला आलं की दादा बोटानं मागची खोली दाखवायचा. फ्रेम झाली की धाकटा मापाची चिठ्ठी दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला टोचून ठेवायचा, दादा त्या मापाची काच कापून खाली उंबऱ्याशी टेकवायचा. चिठ्ठीवर फक्त आकडे. आणि मोठं काम आलं, की दोघांपैकी जो पुढे असेल तो सांगायचा, एवढं मोठं आमच्याकडे होत नाही.

अशातच सरकारनं सगळे कर ऑनलाइन केले. धंद्याची नोंदणी दोघांच्या भागीदारीची, तेव्हा खातंही दोघांचं मिळून एकच निघालं. दादाकडे तेव्हा मोबाइल नव्हता. काच कापताना खिशात काहीतरी वाजलं तर रेघ वाकडी जाते, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून नंबर धाकट्याचा टाकला. पासवर्ड मात्र दादाकडे, कारण कॉम्प्युटर पुढच्या खोलीत आणि धाकटा दादाच्या टेबलाला हात लावणार नाही. झालं. खातं उघडायला पासवर्ड हवा तो पुढे, आणि प्रत्येक गोष्ट पक्की करायला सहा आकड्यांचा ओटीपी यायचा तो मागे. हे खातं ज्यांनी बनवलं त्या हुशार लोकांनी चोराचिलटांचा सगळा विचार केला असेल, आमच्या भावांचा केला नव्हता.

मी शाळेच्या कचेरीत आयुष्य काढलं. निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या चार दुकानदारांची विवरणपत्रं भरून देते, त्यात हे घरचं. सुरुवातीला ओटीपी आला की मी मागे जायचे, आकडे पाठ करून पुढे यायचे, तोवर त्यातला एखादा विसरायचे. शेवटी मी हात टेकले. म्हटलं, माझे गुडघे गेले, तुमचं तुम्ही बघा. मग धाकटा चौकटीशी येऊन उभा राहायला लागला. दादाकडे पाठ करून, तोंड भिंतीकडे, आणि भिंतीला आकडे सांगायचा. दादा पडद्याकडे बघत टाइप करायचा. चुकलं तर दादा पडद्याला म्हणायचा, “परत.” धाकटा भिंतीला म्हणायचा, “आला.” संपूर्ण महिन्यात सख्ख्या भावांचं बोलणं ते एवढंच.

आणि तरी मी डोळे मिटून बसलेली नव्हते. त्या दिवशी धाकटा कुठलीही फ्रेम पोचवायला बाहेर जायचा नाही. सकाळपासून करवत हळू चालवायचा, हाक ऐकू यावी म्हणून. आणि दादाचा तो इस्त्रीचा शर्ट पोर्टलसाठी नव्हता, हे कळायला मला फार डोकं लागलं नाही.

विवरणपत्र भरणं हे दादाचं एक प्रकरणच असतं. आधी तो जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्यानं पडदा पुसतो, आरसा पुसावा तसा, कोपऱ्यांपासून मध्याकडे. मग पोर्टलवर जे काही लिहिलेलं असेल ते सगळं वाचतो. सूचना वाचतो, अटी वाचतो, खाली बारीक अक्षरांत काय असतं तेही वाचतो. सगळं जग न वाचता ‘मान्य आहे’ दाबतं. आमचा दादा वाचतो आणि मला विचारतो की ही सातवी अट आपल्याला मान्य आहे का. आणि शेवटी जेव्हा पोर्टल विचारतं, ‘तुम्हाला खात्री आहे का?’, तेव्हा तो खरोखर विचारात पडतो. म्हणतो, मधले, ती बिलं पुन्हा एकदा लाव. सरकारनं एवढं आपुलकीनं विचारलंय तर नीट बघून सांगितलं पाहिजे. माझा जीव नुसता वर येतो. पण खरं सांगू, या माणसावर फार काळ रागावता येत नाही. त्याला कुणी काही विचारलं तर खरं उत्तर द्यायचं एवढंच माहीत आहे.

मागच्या हिवाळ्यात एक हॉटेलवाला आला. नवीन हॉटेल, प्रत्येक खोलीत माणसाच्या उंचीचा आरसा हवा, लाकडी फ्रेमसकट. असं काम आमच्या दुकानात वडिलांच्या वेळेलाही आलं नव्हतं. दादानं टेबलावर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, एवढं मोठं आमच्याकडे होत नाही. हॉटेलवाला गेला. मागच्या खोलीतली करवत बराच वेळ बंद होती.

संध्याकाळी धाकटा माझ्या घरी आला. पाणी दिलं ते तसंच ठेवलं. म्हणाला, “ताई, मला वेगळं व्हायचंय. तिथं मी अर्धा माणूस आहे, आणि तोही अर्धाच आहे. दोन अर्ध्यांचं दुकान किती दिवस चालवायचं?”

बसस्टँडजवळ त्यानं एक गाळा पाहून ठेवला होता. पाटीसुद्धा रंगवायला टाकली होती. आता त्याला स्वतःची नोंदणी आणि स्वतःचं खातं हवं होतं. मी त्याला समजावलं की भागीदारी दोघांचीच आहे, एक निघाला की ती मोडते. आधी जुनं खातं बंद करण्याचा अर्ज भरावा लागेल. तो अर्ज दादाच्या पासवर्डनं उघडेल आणि तुझ्या ओटीपीनं पक्का होईल. एकदा पक्का झाला की वडिलांनी उभं केलेलं दुकान सरकारदरबारी संपलं. तो म्हणाला, “दादाला तू सांग.” म्हणजे वाईट बातमी पोचवायला मधली आहेच.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं तेव्हा दादा काच कापत होता. त्यानं रेघ पुरी केली, काच मोडली, कडेवरून अंगठा फिरवला. मी म्हटलं, ऐकलंस ना? तो म्हणाला, “ऐकलं. उद्या करू. शर्ट धुतलेला आहे.”

मी घरी येऊन भांडी आपटली. नवरा म्हणाला काय झालं, त्यालाही दोन शब्द ऐकवले. मला दुकानाचं तेवढं दुःख नव्हतं. दुकानं बंद होतात. पण त्या सहा आकड्यांपलीकडे या दोघांत काही उरलं नव्हतं, आणि ते आकडेही उद्या संपणार होते. मग धाकटा बसस्टँडला आणि दादा इथे. दादाला आपल्या भावाचा आवाज पुन्हा कधी ऐकायला मिळणार, तर कुणाच्या तरी लग्नात, तोही दुसऱ्याशी बोलताना.

तर उद्या उजाडला. दादानं पडदा पुसला. खातं बंद करण्याचा अर्ज उघडला. पहिलाच प्रश्न, बंद करण्याचं कारण निवडा. धंदा विकला, धंदा बंद पडला, मालकाचा मृत्यू, इतर. दादानं चारही पर्याय दोनदा वाचले आणि म्हणाला, यात आपलं नाही. मी म्हटलं, ‘इतर’ दाब. दाबल्यावर एक रिकामी चौकट आली, कारण थोडक्यात लिहा. दादा त्या चौकटीकडे बघत राहिला. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाला, तू लिही. मी ‘भागीदारी संपुष्टात’ असं लिहिलं आणि पुढे सरकवलं. शिल्लक माल, शेवटचं विवरणपत्र, पत्ता, सगळं भरून झालं. पोर्टलनं विचारलं, खात्री आहे का? मला वाटलं आता हा बिलं लावायला सांगणार. त्यानं सरळ ‘हो’ दाबलं.

धाकटा चौकटीशी आला. पाठ करून उभा राहिला आणि आकडे सांगितले. दादानं टाकले. लाल अक्षरांत आलं, ओटीपी चुकीचा आहे.

“परत.”

“आला.” पुन्हा आकडे. पुन्हा लाल अक्षरं. तिसऱ्यांदा तसंच झालं, आणि पोर्टलनं जाहीर केलं की सुरक्षेच्या कारणास्तव आता उद्या या. दादानं कॉम्प्युटर बंद केला. करवत सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी तोच खेळ. त्याच्या पुढच्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी पडद्याकडे न बघता दादाच्या बोटाकडे बघत बसले. धाकटा म्हणाला पाच. दादाचं बोट पाचावर गेलं, क्षणभर थांबलं आणि सहावर पडलं. केसाइतकं अंतर चुकलं तरी काच फेकून देणारा माणूस, आणि त्याचं बोट घसरलं म्हणे. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. चेहरा अगदी सरळ. साठी उलटलेल्या माणसानं लहान मुलासारखी लबाडी केली होती आणि वर इस्त्रीचा शर्ट घालून केली होती.

मला हसू आलं. पण दादाचं कौतुक करत बसले तर धाकट्याचं काय? त्याचा गाळा ठरलेला, पाटी तयार, आणि हा रोज त्याला भिंतीशी उभा करून ठेवतोय. जायचंच आहे ज्याला, त्याला असं अडकवून ठेवणं बरं नव्हे. मी मनाशी ठरवलं की उद्या याच्या हातात कळफलक द्यायचाच नाही.

पाचव्या दिवशी सगळं भरून झालं आणि धाकटा चौकटीशी आला, तेव्हा मी दादाला म्हटलं, सरक, मी टाकते. त्याचा चेहरा पडला. पण सरकला. धाकट्यानं एकेक आकडा सांगितला, मी एकेक आकडा टाकला, मोठ्यानं म्हणत टाकला. शाळेत चाळीस वर्षं हजेरीपत्रकं लिहिलेल्या बाईचा हात आहे हा.

ओटीपी चुकीचा आहे.

मी चष्मा पुसला. म्हटलं, परत सांग रे, सावकाश. या वेळी आकडे टाकायच्या आधी कुणास ठाऊक काय मनात आलं, मी उठले आणि चौकटीशी गेले. धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा, फोन छातीशी धरलेला, आणि आकडे म्हणतोय. मी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. फोनवर एक होतं आणि त्याच्या तोंडात दुसरंच. शेवटचे दोन आकडे तो चक्क मनाचे सांगत होता.

त्याला माझी चाहूल लागली. तो म्हणता म्हणता थांबला. कान लाल झाले त्याचे. लहानपणी आईनं चोरी पकडली की व्हायचे तसेच. त्यानं फोन खिशात टाकायला घेतला, पण मी तो हातातून काढून घेतला.

मला दोघांनाही धरून झोडावंसं वाटलं. पाच दिवस मी घरची कामं टाकून या दोन घोड्यांच्या मध्ये बसले होते. एक चुकीचं सांगतोय, दुसरा ते चुकीचं आणखी चुकीचं टाकतोय, आणि दोघांनाही वाटतंय आपण एकटेच लबाड. मी फोन नेऊन दादाच्या पुढ्यात ठेवला. पडद्यावर कोपऱ्यात वेळ उलटी मोजली जात होती.

मी म्हटलं, “हा खरा ओटीपी. आता कुणी सांगायला नको, कुणी ऐकायला नको. टाक आणि मोकळे व्हा दोघं.”

दादानं चष्मा नाकावर सरकवला. फोनवरचे आकडे वाचले, ओठ हलवत. पुन्हा वाचले. मग त्यानं फोन हळूच टेबलावर ठेवला, काच ठेवतो तसा, आवाज न करता. खुर्ची वळवली. धाकटा अजून चौकटीतच होता, पण आता त्याची पाठ आमच्याकडे नव्हती.

“तू चुकीचा सांगत होतास?” दादा म्हणाला.

भिंतीला नाही, पडद्याला नाही, धाकट्याला म्हणाला.

धाकटा खाली बघत म्हणाला, “तू कुठं बरोबर टाकत होतास?”

“नाही.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून,” दादा म्हणाला. “आणि तू?”

“मी पण.”

सात वर्षं न वापरलेलं बोलणं ते, अडखळणारच. बाहेर कुणीतरी दुकानाशी थांबलं, आत पाहिलं आणि काय समजायचं ते समजून पुढे गेलं. पडद्यावरची वेळ संपली. अर्ज अर्धवट राहिला असून तो पुढे न्यायचा की रद्द करायचा, असं पोर्टल विचारायला लागलं. दादानं ते नेहमीप्रमाणे सगळं वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग धाकट्याकडे बघून म्हणाला, “काय करू?”

“मला काय विचारतोस? मोठा तू आहेस.”

“खातं दोघांचं आहे,” दादा म्हणाला, “म्हणून विचारतो.”

धाकट्याचा हात चौकटीवर होता, आणि मला सारखं वाटत होतं की आता हा वळेल आणि आत जाईल. पण तो उंबरा ओलांडून पुढच्या खोलीत आला. टेबलाशी येऊन दादाच्या खांद्यावरून पडद्यावर वाकला आणि ते काय लिहिलंय ते त्यानंही वाचायला घेतलं.

“राहू दे खातं,” तो म्हणाला.

मी डोळे पुसले, उठले, आणि माझी खुर्ची त्याला बसायला दिली.